फॉरमॅट थांबवा, आधी रॅम तपासा

प्रश्न : पंचवटीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या अल्बमच्या कामासाठी दोन वर्षांपूर्वी सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडला. रायझन 5 5600 प्रोसेसर, बी550 बोर्ड, 8 जीबीच्या दोन डीडीआर4 रॅम, 3200 स्पीडच्या. छान चालला. दिवाळीत दुसऱ्या कंपनीच्या तशाच आणखी दोन टाकल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चारदा निळा स्क्रीन येतो. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट’, कधी ‘आयआरक्यूएल’. झिप फायली उघडत नाहीत. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारून दिला. विंडोजची मेमरी टेस्ट सगळं ठीक दाखवते. तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू का?
– एक फोटोग्राफर, पंचवटी, नाशिक

उत्तर : नका मारू. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजपासून त्या कॉम्प्युटरवर एकही कॅमेरा कार्ड रिकामं करू नका.

मी 22 वर्षं इंदिरानगरमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करते आहे. गेल्या वर्षी नाशिकरोडहून असाच एक स्टुडिओवाला आला होता. नवरीच्या मेंदीचा फोटो. कोपरापर्यंत हात सुरेख, तिथून खाली सगळं गुलाबी आणि बोटभर बाजूला सरकलेलं. जेपेगमध्ये प्रत्येक चौकोनाचा रंग आधीच्या चौकोनापासूनचा फरक म्हणून लिहिलेला असतो, त्यामुळे एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, उलटला की खालचं सगळं बिघडू शकतं. कॉपी होणारी प्रत्येक गोष्ट रॅममधून जाते. तुमच्या 32 जीबीत 27 हजार कोटींहून जास्त बिट आहेत, त्यातला एखादा चुकला तरी फाईलचा आकार तोच राहतो आणि कॉपी झाल्याचा संदेशही नेहमीसारखाच येतो. त्या स्टुडिओवाल्याचं कार्ड पुसलेलं होतं. तो फोटो मला परत आणता आला नाही, आणि ते मला अजून लागतं.

रोज वेगळा संदेश येतो, हीच खूण धरा. ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम, बिघडला तर बहुधा तेच तेच नाव येतं. फॉरमॅटने फरक का पडला नाही तेही उघड आहे : नवी विंडोजसुद्धा त्याच रॅममधून डिस्कवर गेली, म्हणजे तीही बिघडलेलीच बसली असेल. विंडोजची टेस्ट नेहमीच्या सेटिंगवर दोनच फेऱ्या मारते, तिच्या ‘ठीक’वर विसंबू नका.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा फुकट प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या आणि तुमचा कॉम्प्युटर त्यावरून चालू करा. तसा चालू होत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट तेवढ्यापुरतं बंद करा. रात्रभर चालू द्या, यूपीएस लावून, कारण मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. निदान चार फेऱ्या. चूक दाखवणारी लाल ओळ एक आली तरी नापास, यात पस्तीस टक्क्यांना पास नसतं.

लाल ओळी आल्या तर लगेच स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, फेकू नका. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडने चालवायचं सेटिंग, बंद करून पुन्हा चालवा. 3200 हा बहुधा एक्सएमपीचा स्पीड असतो, आणि तुमच्या प्रोसेसरला तो बनवणारी एएमडी कंपनी स्वतः 3200 दोन स्टिकपुरताच देते. चार स्टिक लावल्या तर 2933, आणि त्या डबल रँक, म्हणजे एकाच पट्टीवर चिपचे दोन संच असलेल्या, असतील तर 2667. शिवाय दोन कंपन्यांच्या जोड्या. मला वाटतं तुमचा दोष इथेच आहे. एक्सएमपी बंद केल्यावर रात्र स्वच्छ गेली तर 2666 वर चालवा. अल्बमच्या कामात फरक जाणवणारही नाही.

तरीही लाल येत असेल तर एकेक स्टिक, प्रत्येक वेळी त्याच खाचेत, प्रोसेसरपासून दुसऱ्या. एकच स्टिक नापास झाली तर ती दुसऱ्या खाचेत टाकून पाहा. चूक स्टिकबरोबर गेली तर स्टिक खराब. खाचेतच राहिली तर खाच, किंवा प्रोसेसरखालची वाकलेली पिन.

स्टिक काढताना वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. सोनेरी टोकं खोडरबराने घासायची आपल्याकडे सवय आहे. कृपा करून घासू नका, तो मुलामा फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरे. बसवताना बऱ्याच बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो. तो ‘टक’ वाजतो आणि दुसरं टोक केसभर वर राहतं. सातपूरच्या एका कारखान्यातला कॉम्प्युटर आठ दिवस एवढ्यासाठी माझ्याकडे पडून होता. टॉर्च लावून आडवं पाहिल्यावर दिसलं. दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबा.

स्टिक खराब निघाली तर लाल ओळींचा मोबाइलवर फोटो काढा. रॅमवर बहुधा बरीच वर्षं वॉरंटी असते. बिल शोधा आणि स्टिकवरचं स्टिकर काढू नका.

रॅम स्वच्छ ठरली की मग एकदा फॉरमॅट मारा, आता तो उपयोगी पडेल. त्यानंतर दिवाळीपासून कॉपी केलेले सगळे फोटो मोठे करून खालच्या अर्ध्या भागासकट बघा. बॅकअपची डिस्कही बघा, कारण तीही याच कॉम्प्युटरवरून भरली असेल. ज्यांची कार्डं अजून पुसलेली नाहीत, ती पुन्हा उतरवा. सुरुवात सगळ्यात अलीकडच्या लग्नापासून करा, ते कार्ड अजून कॅमेऱ्यातच असण्याची शक्यता जास्त.