कागद नाही, पण सळईची बिलं आहेत

प्रश्न : माझ्या साडूंचा जुळे सोलापुरात प्लॉट आहे. मी पूर्व भागातला चादरीचा कारखाना बंद करून माग विकले होते, ते पैसे हातात होते. "जागा माझी, बांधकाम तुझं, सहा फ्लॅट, निम्मे-निम्मे" असं गड्ड्याच्या यात्रेत ठरलं. घरातलाच माणूस म्हणून कागद केला नाही. आजवर मी ४१ लाख घातले, त्यातले १२ रोख. तिसरा स्लॅब पडल्यावर साडू म्हणतात, "भागीदारी कसली? ते हातउसने होते." आता ते परस्पर फ्लॅटची साठेखतं (विक्रीचे आगाऊ करार) करून देताहेत. तोंडी कराराला कोर्टात काही किंमत आहे का?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : आहे. १८७२ च्या करार कायद्यात कागदाची सरसकट अट नाही. जमिनीच्या विक्रीचा करारही तोंडी असू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ब्रिजमोहन विरुद्ध सुग्रा बेगम या निकालात म्हटलंय. मात्र तो सिद्ध करण्याचं ओझं जड आहे आणि ते दावा करणाऱ्यावर आहे, असंही तिथेच म्हटलंय. पक्षकार पहिलं वाक्य पाठ करून येतात, दुसरं साडूंचे वकील वाचून दाखवतात.

म्हणून आधी ठरवा, तुम्हाला तीन फ्लॅट हवेत की पैशांचा हिशोब? फ्लॅट मागितलेत तर उलटतपासणीत विचारतील : कोणते तीन? रस्त्याकडचे की मागचे? पार्किंग कुणाचं? खर्च वाढला तर कुणी सोसायचा? "निम्मे-निम्मे" या दोन शब्दांत यातलं काहीच नाही, आणि अर्धवट ठरलेला करार कोर्ट स्वतःच्या पदरचं घालून पुरा करत नाही. तुमच्या जागी मी असतो तर मुख्य मागणी हिशोबाची ठेवली असती आणि फ्लॅट पर्यायी मागणीत घेतले असते.

भागीदारी तोंडीही होते. नोंदणी नसलेल्या भागीदारीत करारातला हक्क बजावण्यासाठी भागीदारावर दावा चालत नाही, पण भागीदारी मोडून हिशोब मागता येतो. महाराष्ट्राने दुरुस्ती करून १९८५ पासून हा दरवाजाही लावून घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. फक्त नफ्यातोट्यात दोघांचा वाटा होता आणि कामात तुमचा शब्द चालायचा, हे दिसलं पाहिजे.

ते दिसतं साध्या कागदांत. सळईची बिलं काढा. दुकानदाराने नाव कुणाचं घातलंय, साइटचा पत्ता कुठला टाकलाय, काटापावतीवर सही कुणाची, हे बघा. सेंटरिंगवाल्याची वही मिळवा, हप्ते कुणी दिले ते त्यात असतं. आरसीसी डिझाइनरने नकाशे कुणाला पाठवले? हातउसने देणारा माणूस स्लॅबच्या दिवशी पहाटे उभा राहून सिमेंटची पोती मोजत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं असेल तर तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. नुसते स्क्रीनशॉट चालणार नाहीत. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष अधिनियमात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

रोख १२ लाखांची तुम्हाला धास्ती असणार. मागविक्रीच्या पावत्या असतील तर पैसा आला कुठून ते सांगता येईल. पण गंमत बघा, २०,००० किंवा त्याहून जास्त रोख कर्ज घेतलं तर आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला. साडू "उसने" म्हणताहेत ते जपून म्हणायला हवं होतं.

महारेराकडे जाऊ नका, आठपर्यंत फ्लॅटच्या प्रकल्पाला तिथे नोंदणीच लागत नाही. साठेखतं होताहेत, म्हणजे मनाई हुकूम तातडीने हवा. हा वाद व्यावसायिक ठरू शकतो, आणि ३ लाखांवरच्या अशा वादात दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची असते. तातडीचा मनाई अर्ज असेल तर थेट दावा लावता येतो. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडेही नोंदवा, म्हणजे नवा खरेदीदार "मला माहीत नव्हतं" म्हणणार नाही. हायकोर्टापर्यंत गेलंच तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, मुंबईच्या फेऱ्या वाचतील.

मेहुण्यांना किंवा सासऱ्यांना मध्ये घालून बघायला हरकत नाही, पण त्यात महिने घालवू नका. करार पुरा करण्याची तारीख ठरलेली नसेल तर साडूंचा नकार तुम्हाला कळला तिथून तीन वर्षांची मुदत धावते. "हातउसने" हा शब्द त्यांनी पहिल्यांदा कधी काढला, फोनवर की मेसेजमध्ये, ते आजच शोधून वकिलाला लेखी द्या.