तान्ह्या पोळ्याच्या बैलाला चाके का असतात?

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी आबाजींनी माळ्यावरून काढून दिलेला लाकडी बैल खऱ्या बैलासारखा का दिसत नाही, त्याच्या पायांखाली चाके का आहेत आणि सुताराला बैल करता येत नव्हता काय, असे तू काल फोनवर विचारलेस. फोनवरचे उत्तर अपुरे राहिले असते, म्हणून सविस्तर लिहिते.

सुताराला बैल पुरता ठाऊक होता. म्हणूनच काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे त्याला ठरवता आले. बैल दुरून ओळखू येतो तो उंच वशिंडावरून, गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या पोळीवरून आणि शिंगांवरून. आपल्या बैलात या तिन्ही गोष्टी ठसठशीत आहेत, उलट नाकपुड्या आणि खूर जवळजवळ नाहीतच. त्याचे तोंड लांबट आणि शिंगे आखूड आहेत, कारण वर्धा जिल्ह्यात, विशेषतः आर्वीकडे, जे पांढरे-करडे गवळाऊ बैल दिसतात ते तसेच असतात. शिवाय लांब शिंगे मुलांच्या हाती पहिल्याच दिवशी मोडली असती.

आता पाय नीट पाहा. लाकडाच्या रेषा पोटावर आडव्या जातात आणि पायांत मात्र उभ्या उतरतात, याचा अर्थ पाय वेगळे करून बसवलेले आहेत. एकाच आडव्या ठोकळ्यातून पाय कोरले असते तर रेषा पायाला आडव्या पडल्या असत्या आणि थोड्या धक्क्याने पाय तुटला असता. दोरी मानेला न बांधता खालच्या फळीच्या पुढच्या भोकात ओवली आहे, तेही विचारपूर्वक केलेले आहे. मानेला धरून ओढले तर बैल तोंडावर आपटेल, खालून ओढल्यास तो गोट्यांच्या रस्त्यावरही उभा राहतो.

राहिला प्रश्न चाकांचा. श्रावण अमावास्येला, म्हणजे पोळ्याला, मोठी माणसे आपल्या बैलजोड्या तोरणाखाली नेतात. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला तेच मुलांनी करायचे असते, आणि हाती उचलून नेलेला बैल हा ‘नेलेला’ बैल ठरत नाही. तो मागून चालत आला पाहिजे. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली हा सण मुलांसाठी सुरू केला, असे सांगतात. चाकांवर प्राणी उभा करण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे: १९७४ साली अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादला सापडलेल्या प्राचीन धातुशिल्पांत गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत आणि एका रथाला बैलजोडी जुंपलेली आहे. ती शिल्पे इतकी जड आहेत की ती लहान मुलांची खेळणी असतील, असे मला वाटत नाही.

अलीकडे दुकानांत पापण्यांपर्यंत कोरलेले, चकचकीत पॉलिश केलेले सागवानी बैल मिळतात. त्यांची कारागिरी मोठी आहे, हे मान्य. पण ते दिवाणखान्यातल्या कपाटासाठी केलेले असतात आणि त्यांत मुलाने करण्यासारखे काही उरलेले नसते. आपल्या सुताराने पाठ कोरी ठेवली, ती तुझ्यासाठी. झूल तू शिवायची आहेस, शिंगांना रंग तू द्यायचा आहेस आणि बेगड तू चिकटवायची आहे. बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला दारोदार जाशील तेव्हा लोक सुताराच्या कामाइतकीच तुझी सजावट पाहतील.

झुलीसाठी आजीकडून जुन्या लुगड्याचा काठ माग आणि मधोमध वशिंडापुरती चीर ठेव, नाहीतर ती एका बाजूला घसरेल. रंगवण्याआधी शिंगे कोरड्या फडक्याने पुसून घे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबाजी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतील, तेव्हा याच्याही खांद्याला एक बोट लाव, आणि आसांना तेल द्यायला विसरू नकोस. मागचे डावे चाक फार वर्षांपासून कुरकुरते.

तुझी,
आई