चौदा जणांच्या पगाराचा तक्ता

ती समोर बसली, लॅपटॉप उघडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. कॉलेजच्या वर्गातले १४ जण, कोण कुठल्या क्षेत्रात आणि कोणाला किती पगार. आकडे उतरत्या क्रमाने लावलेले. नवव्या ओळीला पिवळा रंग. ती ओळ तिची.

वय २९. रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात सहा वर्षं. समुपदेशक म्हणून जो प्रश्न मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते, तोच होता: "मॅडम, मी चुकीची लाइन निवडली का? ही तिसऱ्या ओळीतली माझी रूममेट होती. आज ती डेटा ॲनालिस्ट आहे. मला १०० मिळतात असं धरलं, तर तिला १८०. मी नोकरी सोडून डेटा सायन्सचा कोर्स करणार आहे. फक्त तुम्ही एकदा हो म्हणा."

(तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि पगार मुद्दाम १०० धरून सांगितले आहेत.)

पहिल्या भेटीत मी चुकले. पैसा हेच सगळं नसतं, समाधान, कल, आवड वगैरे बोलत राहिले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन आठवडे फिरकली नाही. परत आली तेव्हा आधीच सांगून टाकलं, "मला आवडीचं काम नकोय असं नाही. पण घरचं कर्ज माझ्या अंगावर आहे. मला पैसेच हवेत, आणि त्याची लाज वाटत नाही." मी माफी मागितली. पगाराची चिंता घेऊन आलेल्या माणसाशी पगाराबद्दलच बोलावं, एवढं तरी मला इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं.

मग मी तिच्याच कामातलं विचारलं. "एखाद्या बॅचचा निकाल मर्यादेबाहेर आला तर काय करतेस?"

"आधी लॅबमध्येच चूक झाली का ते बघतो. वजन, डायल्यूशन, स्टँडर्ड, इन्स्ट्रुमेंट, आकडेमोड. ही तपासणी पूर्ण झाल्याशिवाय बॅच फेल करत नाही. आणि पास होईपर्यंत परत परत टेस्ट करायलाही बंदी आहे."

"मग या तक्त्याची तपासणी केलीस?"

ती पहिल्यांदा हसली.

सुरुवात नमुन्यापासून केली. वर्ग ६० जणांचा, तक्त्यात १४. बाकीचे ४६? "ते ग्रुपवर पगाराचं बोलत नाहीत." का बोलत नसतील, हे तिला विचारावं लागलं नाही. पुढे एककं. सहा जणांनी वर्षाचं पॅकेज सांगितलं होतं, पाच जणांनी महिन्याला हातात येणारा पगार, एकाचा आकडा दुसऱ्याच कोणीतरी कळवलेला. रूममेटचा आणि तिचा स्वतःचा असे दोनच आकडे तिला खात्रीने माहीत होते. "मॅडम, असं रेकॉर्ड आमच्याकडे आलं असतं तर मी सहीच केली नसती."

मग ते दोन आकडे नीट सोडवायला घेतले. रूममेटच्या १८० मधले ३६ कामगिरीवर अवलंबून, म्हणजे बदलते. मागच्या वर्षी त्यातले निम्मेच मिळाले. राहिले १६२. त्यातले १२ निवृत्तीच्या निधीत कंपनीचा वाटा म्हणून जातात. तो पैसा बुडत नाही, पण महिन्याचा हप्ता त्यातून भरता येत नाही. उरले १५०. हिच्या १०० मधून तसेच ८ गेले, उरले ९२. आता तास. रूममेट आठवड्याला ५८ तास काम करते, रात्रीचे कॉल धरून. ही ४५. तासाचा हिशेब मांडला तर रूममेटला हिच्या सव्वापट पडतात.

"म्हणजे जास्तच ना?"

हो, जास्तच. इथे मला सारवासारव करायची नव्हती. ८० टक्क्यांचं अंतर तासाच्या हिशेबात २७ टक्क्यांवर आलं, पण शून्यावर आलं नाही. आणि कर्जाचा हप्ता तासावर ठरत नाही, महिन्यावर ठरतो. महिन्याला रूममेटच्या हातात ५८ जास्तच पडतात. फरक खरा होता. फक्त तो कशाचा मोबदला आहे हे आता दिसत होतं.

पगारांत फरक का असतात याची पाच कारणं अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्येच मांडून ठेवली आहेत, आणि मी अजून तीच वापरते: काम सुखाचं की त्रासाचं, शिकायला किती वेळ आणि खर्च लागतो, काम सलग मिळतं की मधूनमधून, किती विश्वास टाकावा लागतो, आणि यश मिळण्याची शक्यता किती. गवंड्याला कडाक्याच्या थंडीत आणि वादळी हवेत काम करता येत नाही, म्हणून त्याच्या मजुरीत रिकाम्या दिवसांचीही भरपाई असते, असं त्याचं उदाहरण आहे. मला जास्त उपयोगी पडतं ते दुसरं. मुलाला चांभाराकडे शिकायला ठेवलं तर तो जोडे शिवायला शिकेलच. पण कायदा शिकायला धाडलं तर त्यावर पोट भरण्याइतकं कौशल्य एकाला येतं, तेव्हा वीस जणांना येत नाही. त्या एकाची कमाई सगळ्यांना दिसते. बाकीच्या वीस जणांचा खर्च कुठल्याच तक्त्यात चढत नाही.

कोर्स चालवणाऱ्यांना तिने पुढच्या आठवड्यात फोन केला. माझ्या सांगण्यावरून एकच प्रश्न विचारला: मागच्या तुकडीत किती जण बसले आणि त्यातल्या किती जणांना याच कामाची नोकरी लागली? उत्तरात 'सरासरी पॅकेज' मिळालं. ज्यांना नोकरी लागली त्यांची सरासरी. हे ती स्वतःच ओळखून आली होती.

खर्चाचा हिशेब मात्र मी मांडला नाही, तिला मांडायला लावला. फी तिच्या नऊ महिन्यांच्या पगाराइतकी. कोर्स आठ महिन्यांचा, तेवढे महिने पगार नाही. म्हणजे १७ पगार, १७००. नव्या क्षेत्रात ती नवखी, सहा वर्षांचा अनुभव तिथे धरला जाणार नाही. सुरुवात फार तर १२० वर होईल असं रूममेटनेच सांगितलेलं. महिन्याला २० जास्त. १७०० भरून यायला ८५ महिने, सात वर्षांहून थोडे जास्त. मधे पगार जोरात वाढला तर कमी. पण ही बसून काही जुन्या नोकरीत १०० वरच राहणार नव्हती, तो आकडाही सरकणार. तिने लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

अशा वेळी समुपदेशकाला फार मोह होतो म्हणायचा, "बघ, तुझं आहे तेच बरं." ते खोटं झालं असतं. आहे त्या टेबलावर तिचा पगार खरंच अडकला होता. तिच्या विभागात १४ वर्षं काढलेले सहकारी होते, त्यांचा आकडा तिने मला सांगितला, आणि त्या शिडीला पुढे पायऱ्या नाहीत हे मलाही पटलं.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली, कारण ती रात्री झोपताना तो तक्ता उघडत होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांचे पगार कुठे बघायला मिळतात हे काही जणांना कळवलं. ज्यांचा पगार मधल्या रेषेखाली होता त्यांचं समाधान घटलं, नोकरी शोधायची इच्छा वाढली. वरच्यांना मात्र विशेष आनंद झाला नाही. तुलनेचा तोटा खालच्यांना होतो, वरच्यांना फायदा होत नाही. तिच्या तक्त्यात तिच्याखाली पाच नावं होती. त्या पाच ओळींपर्यंत ती कधी स्क्रोल करून गेलीच नव्हती.

तिला दिलेलं काम साधं होतं. नोकरीच्या २० जाहिराती वाच, ज्यांचा पगार तुला हवा आहे अशाच. त्यात पुन्हा पुन्हा येणारे शब्द लिहून काढ. आणि तीन माणसांशी बोल. 'तुम्हाला किती मिळतात' हे विचारू नकोस, 'तुमच्या टीममध्ये वर्षभरात नवं कोण आलं आणि ते आधी काय करत होते' हे विचार.

यादी घेऊन आली तेव्हा चेहरा वेगळा होता. ऑडिट ट्रेल, डेटा इंटिग्रिटी, कम्प्युटर सिस्टीम व्हॅलिडेशन. लॅबमधली यंत्रं आणि सॉफ्टवेअर नोंदी नीट ठेवतात ना, कोणी मागून आकडा बदलू शकत नाही ना, हे सिद्ध करणारं काम. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा १९९७ चा नियम, ज्याला ही मंडळी 'पार्ट इलेव्हन' म्हणतात, तो तिला तोंडपाठ होता. "मॅडम, हे आम्ही रोज करतो. कंटाळवाणं काम म्हणून नव्यांच्या गळ्यात मारतो." तिने ज्या तिघांशी बोलणं केलं त्यांतल्या दोघांच्या टीममध्ये नवी आलेली माणसं लॅबमधूनच आली होती. सॉफ्टवेअर शिकलेले पुष्कळ मिळतात, पण तपासणी अधिकारी आल्यावर काय विचारतो हे माहीत असलेले कमी, असं एकाने तिला सांगितलं.

कंपनीतल्या कंपनीत बदली मागायला तिला तीन महिने लागले. वरिष्ठांनी पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा तिने एका अडलेल्या प्रकल्पाचं काम अंगावर घेतलं आणि मग झालं. पगार ११२. रूममेटच्या १८० पुढे काहीच नाही. ती माझ्यावर जरा नाराजही होती, आणि मला ते समजत होतं.

दीड वर्षाने, गेल्या महिन्यात, तिचा फोन आला. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं. "१५५, मॅडम. पण त्यातले १५ बदलते. मागच्या वर्षी हा भाग टीममध्ये किती जणांना पूर्ण मिळाला असं विचारलं, तर एचआर उत्तर देत नाहीये."

"मग काय ठरवलंस?"

"काही नाही. निकाल पेंडिंग," ती म्हणाली. "उद्या परत मेल टाकते."