‘माहीत होतं, पण हात आधी गेला’

“अकरा वर्षांचा घोडा आहे. दगड मारला की डोकं फुटतं, एवढं कळत नाही का त्याला?” बाबा.

“अहो, पण लहानच आहे ना तो,” आई.

खेळताना भांडण झालं, मुलानं दगड भिरकावला आणि मित्राच्या कपाळाला तीन टाके पडले. बाबांना त्याला पोलिसांकडून दम द्यायला लावायचा होता. आईची झोप उडाली होती : हा पुढे गुन्हेगार तर होणार नाही ना? अशा आया माझ्याकडे सल्ल्यासाठी नेहमी येतात.

मुलाशी मी एकट्याशी बोलले. तो खोडरबराचे बारीक तुकडे करत बसला होता. लागेल हे माहीत होतं का, विचारलं. “हो.” मग? बराच वेळ गप्प. “माहीत होतं, पण हात आधी गेला.”

कळतं पण वळत नाही, ते हेच. बरं-वाईट मुलांना लवकर कळतं. संताप आवरायला लागणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीतही पक्व होत असतो. मग मुलाला गुन्ह्यासाठी जबाबदार कधी धरायचं? इंग्लंडमध्ये ते वय 10 आहे, जर्मनीत 14. भारतात 7 वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही; 7 ते 12 दरम्यान त्याला परिणाम समजण्याइतकी जाण होती का, ते पाहतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं 2019 मध्ये किमान 14 सुचवलं. माझा कल तिकडेच. (ज्यांच्या लेकराला टाके पडलेत, त्यांना हे पटत नाही, आणि त्यांचा राग खोटा नसतो.)

बाबांना म्हटलं, खटल्याचं वय कायदा ठरवील, पण घरात जाब पाच वर्षांच्या पोरालाही विचारता येतो. पोलिसांच्या धाकानं तो पुढच्या वेळी फक्त लपवायला शिकेल. आईला सांगितलं, एका दगडानं कुणी गुन्हेगार होत नाही. वारंवार इजा करू लागला, दुसऱ्याच्या रडण्याचं काहीच वाटेनासं झालं, तर मात्र थांबू नका, लगेच या.

मित्राकडे जायचं त्यानंच ठरवलं. बाबा सोबत गेले, पण दारातच थांबले. पाठ केलेली माफी त्याला आठवेना. शेवटी त्यानं मित्राला विचारलं, “टाके काढताना दुखतं का रे?”