वाक्यातला एक ‘च’

‘‘मॅडम, मला स्वतःलाच नीट लिहिता येत नाही, मी मुलांना काय शिकवणार?’’ डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनात येणारी अडचण, असलेल्या छात्राध्यापकांकडून (शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांकडून) हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. अनघानेही (नाव बदललं आहे) पहिल्या भेटीत तोच विचारला.

तिचे सरावपाठ सुरू होते. पाठ टाचण लिहिण्यात रात्र जायची. फळ्यावर ती मुद्दाम बारीक, फिकट अक्षर काढायची, म्हणजे वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे कुणाला कळणार नाही. निरीक्षण वहीत शेरा यायचा, ‘फलकलेखन अस्पष्ट’. खरं कारण तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही, हे मी तिला समजावलं. 1896 मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी एका 14 वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. त्याला वाचन जमत नव्हतं. पण सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. अनघाला हे आवडलं. भीती मात्र जागची हलली नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा भर आहे तो याचसाठी. भीती एखाद्या वाक्याच्या आधाराने उभी असते आणि ते वाक्य हाती लागावं लागतं.

‘‘फळ्याकडे वळतेस तेव्हा मनात काय येतं? लिही. शुद्धलेखन बघू नकोस.’’

तिने लिहिलं : शिक्षिकेला अचूक लिहिता आलंच पाहिजे.

‘‘यातला ‘च’ खोड आणि मोठ्याने वाच.’’

तिने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. ‘‘मॅडम, आता ही शिकायची गोष्ट वाटतेय. मघाशी शिक्षा वाटत होती.’’

इतक्या वर्षांत ज्या क्षणांनी मला समाधान दिलं, त्यांतला हा एक. अपेक्षा आम्ही तसूभरही खाली आणली नव्हती. मुलांसमोर शब्द बरोबर यायला हवा, हे तिलाही मान्य होतं. पण ‘च’ असेपर्यंत मदत घेणं म्हणजे नापास होणं होतं. तो गेल्यावर मदत हा तयारीचा भाग झाला.

पुढचं काम मग सोपं होतं. पाठातले अवघड शब्द ती आधीच पट्ट्यांवर लिहून, कुणाकडून तरी तपासून नेऊ लागली. प्रकट वाचनाचा उतारा आदल्या दिवशी संगणकाकडून दोनतीनदा ऐकायचा. फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही. आधी लिहायचं, मग वळून बोलायचं. दोन्ही एकदम करताना तिच्या चुका वाढत होत्या, हे तिच्याच लक्षात आलं. एखाद्या शब्दाबद्दल शंका आली, तर मुलांसोबत शब्दकोश उघडायचा.

आणि मार्गदर्शकांना सांगायचं. कसं, याची आम्ही तालीम केली. ‘मला सांभाळून घ्या’ अशी विनवणी नको. ‘मला डिस्लेक्सिया आहे. उतारा आदल्या दिवशी मिळाला आणि पाठानंतरच्या सूचना तोंडीही मिळाल्या, तर मला उपयोग होईल,’ इतकं पुरे. नेमकी मागणी असली की समोरच्याला काय करायचं ते कळतं.

मार्गदर्शक प्राध्यापकांनाही माझी कळकळीची विनंती आहे. फलकलेखनाचा शेरा आणि शिकवण्याचा शेरा वेगवेगळे लिहा. अनघाच्या वहीत पहिल्या 6 पाठांत फक्त अक्षराबद्दल लिहिलेलं होतं. तिने विचारलेल्या प्रश्नांना वर्गातून किती हात वर येत होते, याची नोंद कुठेही नव्हती.