हातानं चालतो, सर्व्हिस केली की पडतो: सर्व्हरबद्दल वाचकांचे प्रश्न

(कमांड आणि फाइलमधल्या ओळी इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत लिहाव्यात.)

प्रश्न : ऑफिसच्या उबुंटू सर्व्हरवर पायथॉनमधला हजेरीचा प्रोग्रॅम ‘नोहप’ लावून, शेवटी अँपरसँड देऊन सोडतो. लाइट जाऊन मशीन परत सुरू झालं की कुणीतरी लॉगिन करून तो पुन्हा हातानं चालू करावा लागतो. कायमचा उपाय काय? (वाचक, नाशिक)

उत्तर : टर्मिनल बंद होताना येणारा हँगअपचा सिग्नल प्रोग्रॅमला लागू न देणं, एवढंच नोहपचं काम. मशीन बूट झाल्यावर प्रोग्रॅम उठवणं आणि पडला तर पुन्हा उभा करणं हे सिस्टमडीकडे, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस (मागे आपोआप चालणारे प्रोग्रॅम) सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, द्यावं. उबुंटूत तो 15.04 पासून, म्हणजे 2015 पासून मुळातच असतो; वेगळं काही बसवायला नको.

/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम या फोल्डरमध्ये ‘हजेरी.सर्व्हिस’ नावाची फाइल करा आणि तीत हे लिहा:

[सर्व्हिस]
यूझर=हजेरी
वर्किंगडिरेक्टरी=/ऑप्ट/हजेरी
एक्झेकस्टार्ट=/ऑप्ट/हजेरी/व्हेनव्ह/बिन/पायथॉन ॲप.पीवाय
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=5

[इन्स्टॉल]
वाँटेडबाय=मल्टी-यूझर.टार्गेट

‘हजेरी’ नावाचा यूझर आधी तयार करून ठेवा. तो नसेल तर 217/यूझर अशी चूक येते. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोग्रॅमपुरता वेगळा ठेवलेला पायथॉन, वरचा ‘व्हेनव्ह’ फोल्डर) ‘ॲक्टिव्हेट’ करायची गरज नाही, तिच्यातल्या पायथॉनचा पूर्ण पत्ता दिला की पुरतं. नोहप आणि अँपरसँड इथून काढायला विसरू नका. एक्झेकस्टार्टच्या ओळीला शेल (टर्मिनलमध्ये कमांड समजून घेणारा प्रोग्रॅम) मिळत नाही, त्यामुळे अँपरसँड हा साधा शब्द म्हणून तुमच्या प्रोग्रॅमच्या हातात पडतो. नोहपनं सोडलेली जुनी प्रत आधी बंद करा. नाहीतर पोर्ट (प्रोग्रॅम ज्या क्रमांकावर जोडणी घेतो तो) तिच्याकडेच राहील आणि नवी प्रत ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून पडेल. मग:

सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड
सुडो सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ हजेरी

‘स्टार्ट’नं सर्व्हिस आत्ता सुरू होते. ‘इनेबल’नं ती फक्त पुढच्या बूटपासून सुरू होते. ‘--नाऊ’ लावलं की दोन्ही होतं. नुसतं ‘स्टार्ट’ करून निश्चिंत राहिलेले लोक पुढच्या वेळी लाइट गेली की तिथेच अडकतात.

प्रश्न : माझी शेल स्क्रिप्ट टर्मिनलवर बिनचूक चालते. सर्व्हिस केली की स्टेटसमध्ये ‘203/एक्झेक’ दिसतं. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये एक ओळही नाही. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लॉग रिकामा असणं हाच महत्त्वाचा पुरावा आहे. 203 म्हणजे सिस्टमडीला फाइल चालवायलाच जमलं नाही. तुमच्या स्क्रिप्टची पहिली ओळसुद्धा चालली नाही. तेव्हा चूक स्क्रिप्टच्या आतल्या कामात शोधू नका.

तुम्ही हातानं बहुधा ‘बॅश बॅकअप.एसएच’ असं चालवता. तेव्हा चालतो तो बॅश हा शेल, आणि तो स्क्रिप्ट नुसती वाचतो. वाचण्यासाठी फाइलला एक्झिक्यूटची परवानगी लागत नाही, वरची ‘#!/बिन/बॅश’ ही ओळही लागत नाही. सिस्टमडी मात्र फाइल थेट कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) देतो आणि तिथे या दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून आधी ‘सीएचमॉड +एक्स’ करा, मग पहिली ओळ तपासा.

दोन्ही ठीक असूनही 203 येत असेल तर स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली होती का, ते आठवा. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा, न दिसणारं अक्षर ठेवतो. मग कर्नल ‘बॅश’ऐवजी त्या अक्षरासकट असलेला प्रोग्रॅम शोधतो आणि अर्थातच तो सापडत नाही. ‘फाइल बॅकअप.एसएच’ ही कमांड द्या. उत्तरात ‘सीआरएलएफ’ दिसलं तर ‘डॉसटूयुनिक्स’नं फाइल साफ करा. रॉकी किंवा आल्मा लिनक्स असेल आणि स्क्रिप्ट होम फोल्डरमध्ये असेल, तर एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्थाही तिला अडवू शकते. ती /यूएसआर/लोकल/बिनमध्ये कॉपी करा आणि तिच्यावर ‘रिस्टोरकॉन’ चालवा. एसईलिनक्स बंद करू नका.

203 गेल्यावर पुढची अडचण बहुतेक एन्व्हायर्नमेंटची येते. सर्व्हिस तुमची .बॅशआरसी (शेलची सेटिंग फाइल) वाचत नाही, तिचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) तुमच्यापेक्षा छोटा असतो आणि एक्झेकस्टार्टमध्ये पाइप (|) किंवा टिल्ड (~) चालत नाही. पासवर्डसारखी मूल्यं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिचा पत्ता ‘एन्व्हायर्नमेंटफाइल=’ या ओळीत द्या. तिथे नुसतं ‘नाव=मूल्य’ लिहायचं, पुढे ‘एक्स्पोर्ट’ लावायचं नाही.

प्रश्न : रीस्टार्ट=ऑलवेज दिलं आहे, तरी सकाळी सर्व्हिस ‘फेल्ड’ दिसते. ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असा मजकूर असतो. ऑलवेजचा अर्थ कायम असाच ना? (वाचक, सांगली)

उत्तर : त्याला मर्यादा आहे. 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करूनही सर्व्हिस पडली तर सिस्टमडी प्रयत्न सोडतो. दोन प्रयत्नांमधलं मूळ अंतर फक्त 100 मिलिसेकंद असतं. डेटाबेस तयार व्हायला अर्धा मिनिट लागत असेल, तर तुमचे पाचही प्रयत्न डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपून जातात. रीस्टार्टसेक=5 केलं की 10 सेकंदांत 5 प्रयत्न बसतच नाहीत. मूळ फाइलला हात न लावता ‘सुडो सिस्टमसीटीएल एडिट’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव देऊन [सर्व्हिस]च्या मथळ्याखाली ही ओळ घाला. आत्ता अडकलेली सर्व्हिस ‘रीसेट-फेल्ड’ आणि मग ‘स्टार्ट’ देऊन सोडवा.

पण ती पहिल्यांदा पडली का, हे आधी बघा, एवढा आमचा आग्रह आहे. ‘जर्नलसीटीएल -यू’ आणि सर्व्हिसचं नाव, पुढे ‘-बी’, एवढं दिलं की या बूटपासूनची नोंद मिळते. शेवटच्या ओळी सोडा, पहिली चूक शोधा. ‘ओओएम-किल’ दिसलं तर मेमरी संपली आहे. तिथे रीस्टार्ट कितीही केलं तरी उपयोग नाही. जावाचा प्रोग्रॅम तुम्ही स्वतः थांबवल्यावर 143 दाखवून ‘फेल्ड’ होत असेल, तर तो दोष नव्हे. 128 मध्ये टर्म या थांबण्याच्या सिग्नलचा क्रमांक 15 मिळवून तो आकडा येतो. सक्सेसएक्झिटस्टेटस=143 लिहा.

प्रश्न : ‘डिसेबल’ केलेली सर्व्हिस परत सुरू होते. (वाचक, मडगाव)

उत्तर : दुसरी एखादी सर्व्हिस किंवा सॉकेट (जोडणी आली की सर्व्हिस उठवणारी सिस्टमडीची सोय) तिला उठवत असणार. ‘सिस्टमसीटीएल मास्क --नाऊ’ द्या. मग ती हातानंही सुरू होणार नाही. फाइल तुम्ही स्वतः /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टममध्ये ठेवली असेल तर मास्क नकार देईल, कारण त्याला त्याच जागी /डेव्ह/नल या रिकाम्या फाइलकडे जाणारी लिंक ठेवायची असते. आधी ती फाइल तिथून हलवा.