भाडेकरू पण आणि मालक पण, दोन्ही लिहू का?

नौपाड्यातून एकांनी विचारलंय. वडील १९८४ पासून चाळीत भाड्याने, २०११ नंतर मालकाने भाडं घेणंच बंद केलं, दोनदा मनीऑर्डर केली तीही परत आली, आणि आता त्यानेच भाडं थकलं म्हणून खोली खाली करायचा दावा ठाणे कोर्टात लावलाय. नातेवाईक म्हणतात बारा वर्षं झाली, अॅडव्हर्स पझेशन (म्हणजे मालकाविरुद्ध वर्षानुवर्षं ताबा ठेवून मिळणारी मालकी) टाक, खोली तुझीच. तर कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, दोन्ही लिहू का?

नका लिहू, खरंच नका. बारा वर्षं हा आकडा लिमिटेशन अॅक्टमधला (मुदतीच्या कायद्यातला) बरोबर आहे पण ताबा मालकाचा हक्क उघडउघड नाकारून ठेवलेला असावा लागतो. तुमचे वडील त्याच्या परवानगीने आत आले, नुसतं भाडं थांबलं म्हणून तो ताबा मालकाविरुद्धचा होत नाही. साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम १२२ पण आहेच, भाडेकरूपण चालू असताना सुरुवातीची मालकी भाडेकरूला नाकारता येत नाही. शिवाय मालकाच्या नोटिशीच्या उत्तरात तुम्हीच सही करून "आम्ही जुने भाडेकरू" लिहिलंय, उलटतपासणीत पहिला तोच कागद तुमच्या हातात देतील. आणि भाडेकरू नाही म्हणालात की रेंट अॅक्टचं (महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्याचं) संरक्षण तुम्हीच सोडलंत.

आता पर्यायी बचाव घेताच येत नाही असं नाही हं, प्रतिवादीला कोर्ट त्यात बरीच मोकळीक देतं. "भाडं थकलं नाही, तोच घेत नव्हता, आणि तरी थकलं असं कोर्टाला वाटलं तर भरतो" हे चालतं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मालक आणि भाडेकरू मात्र एकाच खोलीचे एकाच माणसाला होता येत नाही.

तुमचा खरा आधार रेंट अॅक्ट १९९९ चं कलम १५. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं वर्षाला १५ टक्के साध्या व्याजासकट कोर्टात भरा, दाव्याचा खर्च कोर्ट सांगेल तसा द्या, पुढेही नियमित भरत राहा, मग थकबाकीच्या कारणावर तुम्हाला बाहेर काढता येत नाही.

दोन विरुद्ध गोष्टी एकदम म्हणायच्या नाहीत, हा नियम मालकालाही लागू आहे बरं का. नोटिशीत भाडं मागितलंय, उद्या तो तुम्हाला घुसखोर म्हणाला तर तीच नोटीस पुढे करा. परत आलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या, जुन्या भाडेपावत्या सगळं शोधून वकिलाकडे द्या, आणि समन्स कुठल्या तारखेला हातात पडलं ते आजच बघा, ९० दिवस तिथूनच मोजायचेत.